मंडालेतील चार वह्या : कामात बुडालेल्या एका माणसाच्या चिंतनाचा अभ्यास

२२ जुलै १९०८च्या रात्री मुंबईच्या हायकोर्टात निकाल लागला. नऊ ज्यूररांपैकी सात जणांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष. न्यायमूर्ती दावरांनी सहा वर्षे काळे पाणी आणि हजार रुपये दंड अशी शिक्षा सुनावली. आरोपीने वकील न देता स्वतःच बाजू मांडली होती आणि ते भाषण सगळे मिळून एकवीस तासांहून जास्त चालले होते. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, त्या आरोपीला बावन्न वर्षे पूर्ण झाली. अंगात मधुमेह होता. सहा वर्षांनी बाळ गंगाधर टिळक घरी परततील, याची हमी त्या रात्री कोणी देऊ शकले नसते.

त्या सहा वर्षांतला एकच तुकडा मी इथे घेतला आहे. २ नोव्हेंबर १९१० ते ३० मार्च १९११, म्हणजे १४९ दिवस. एवढ्या दिवसांत ब्रह्मदेशातल्या मंडालेच्या तुरुंगात शिसपेन्सिलीने चार वह्या भरल्या गेल्या आणि त्यांतून पुढे ‘गीतारहस्य’ झाले. ग्रंथाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला त्यातल्या तत्त्वज्ञानाहून त्या माणसाच्या कामाचा हिशेब जास्त खुणावतो. सदैव धावपळीत असलेला माणूस विचाराला कधी बसला, कशामुळे बसू शकला, आणि आधी इतकी वर्षे का बसू शकला नव्हता?

कामाच्या रगाड्यात विचाराला जागा कशी करायची, हा आज ज्याच्या त्याच्या तोंडचा प्रश्न आहे. त्यावर मिळणारे उत्तर बहुधा तासांचे असते. सकाळचा अर्धा तास राखून ठेवा, रविवारी फोन बंद करा, वर्षातून एकदा डोंगरावर जाऊन राहा. यांतले बरेचसे टिळकांनी आपल्या परीने करून पाहिले होते. त्यातून काय हाती लागले आणि काय लागले नाही, हे आज आपण पाहू शकतो. म्हणून हे प्रकरण मला अभ्यासाला घेण्याजोगे वाटते.

अटकेआधीचा माणूस

१८८०मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१च्या जानेवारीत केसरी, १८८५मध्ये फर्ग्युसन कॉलेज. गणित आणि संस्कृत शिकवणारा हा मास्तर १८९०मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडला. नंतर कायद्याचे वर्ग चालवले, लातूरला सरकी काढण्याच्या कारखान्यात भागी केली, मुंबई कायदेमंडळात बसला. सार्वजनिक गणेशोत्सव, रायगडावरची शिवजयंती, १८९६–९७चा दुष्काळ, पाठोपाठ प्लेग आणि प्लेगचे इस्पितळ. १८९७मध्ये मित्र बाबामहाराज वारले आणि त्यांच्या इस्टेटीचे विश्वस्तपण अंगावर आले. त्यातून निघालेले, त्यांच्या विधवेच्या दत्तकाच्या वादाचे ताईमहाराज प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि १९१५मध्ये मिटले. मधल्या काळात या विश्वस्ताला खोट्या साक्षीच्या आरोपाखाली शिक्षा झाली आणि हायकोर्टात ती रद्द झाली. १९०३च्या प्लेगमध्ये थोरला मुलगा विश्वनाथ गेला. १९०५मध्ये बंगालची फाळणी, १९०७मध्ये काँग्रेसमधली सुरतेची फूट.

आणि या सगळ्याच्या खाली दर मंगळवारी निघणारा केसरी. साप्ताहिक चालवणाऱ्यालाच हे कळेल, की मंगळवार कोणासाठी थांबत नाही. घरात मयत असो वा कोर्टात तारीख असो, अग्रलेख द्यावाच लागतो. टिळक येरझाऱ्या घालत मजकूर सांगायचे आणि लेखनिक उतरवून घ्यायचा, असे त्यांच्याबरोबर काम केलेल्यांनी सांगितले आहे. या बैठकीत विचार होत नव्हता असे मी म्हणणार नाही. पण तो विचार त्या आठवड्याच्या घटनेला बांधलेला होता. घटना सरली की तोही सरायचा आणि पुढच्या मंगळवारचा दुसरा सुरू व्हायचा.

प्रश्न कुठून आला

गीतेशी आपली पहिली गाठ कशी पडली, ते टिळकांनी प्रस्तावनेत सांगितले आहे. १८७२मध्ये वडील गंगाधरपंत शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळले होते. त्यांना गीतेवरची एक मराठी टीका वाचून दाखवण्याचे काम सोळा वर्षांच्या मुलाकडे आले. तेव्हा अर्थ पुरता कळणे शक्य नव्हते. पुढे संस्कृत टीका वाचल्या आणि एक शंका मनात अडकली. अर्जुन लढायला नको म्हणत होता. त्याला लढायला उभे करण्यासाठी गीता सांगितली गेली आणि शेवटी तो उभा राहिलाही. मग बहुतेक टीकाकार त्याच गीतेतून कर्म सोडण्याचा उपदेश का काढतात? ज्ञान झाले की कर्म गळून पडते असे असेल, तर कृष्णाने अर्जुनाला वनात का पाठवले नाही?

वाचताना शंका पुस्तकी वाटते. ज्याच्या हाती ती आहे त्याचे आयुष्य पाहिले की तिचे वजन कळते. ३० एप्रिल १९०८ला मुझफ्फरपूरला बाँब फुटला आणि त्यात दोन इंग्रज स्त्रिया मेल्या, ज्यांना कोणी मारायचे ठरवलेच नव्हते. त्यावर केसरीत लिहायचे होते. बाँबचा मार्ग चूक म्हणायचे, पण तो मार्ग पोरांनी का धरला याचे उत्तर राज्यकर्त्यांकडेच मागायचे, अशी ती तारेवरची कसरत होती. १२ मेचा ‘देशाचे दुर्दैव’ आणि ९ जूनचा ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे लेख त्यातून आले. २४ जूनला मुंबईत सरदारगृहात अटक झाली ती याच लेखांवरून.

मंडालेत लिहिलेल्या ग्रंथाचे दुसरे प्रकरण आहे ‘कर्मजिज्ञासा’. काय करावे आणि काय करू नये हे कळेनासे झालेल्या माणसांपासून ते सुरू होते आणि सुरुवातीलाच शेक्सपिअरचे हॅम्लेट आणि कोरायोलेनस भेटतात. पुढे अहिंसा, सत्य, अस्तेय यांना कुठे अपवाद होतो याची लांब चर्चा आहे. दुष्काळात कुत्र्याचे मांस खायला निघालेला विश्वामित्र त्यात येतो. हे प्रकरण वाचताना दर वेळी मला वाटते, की या माणसाने ही उदाहरणे कपाटातून काढलेली नाहीत. संपादकाच्या खुर्चीत बसून सत्य किती, कुणाला आणि कोणत्या शब्दांत सांगायचे, हे त्याने वर्षानुवर्षे दर आठवड्याला ठरवले होते आणि एकाहून अधिक वेळा त्याची किंमतही मोजली होती.

येरवडा आणि सिंहगड : अर्धवट उतरलेले प्रयोग

त्यातली एक किंमत १८९७मध्ये पडली. राजद्रोहाच्या आरोपाखाली दीड वर्षाची शिक्षा झाली आणि वर्षभराने सुटका झाली. त्या तुरुंगवासात मॅक्स म्यूलरने आपल्या ऋग्वेदाच्या आवृत्तीची प्रत पाठवली आणि रात्री वाचायला दिवा मिळाला. त्यातून आर्यांच्या उत्तर ध्रुवाकडील मूलस्थानाचा सिद्धांत उभा राहिला. १८९८च्या अखेरीस कच्चा मसुदा तयार होता, ग्रंथ निघाला १९०३मध्ये. त्याआधी १८९३मध्ये वेदकाळ ठरवणारा ‘ओरायन’ आलाच होता. सवड सापडली की सिंहगडावरच्या बंगल्यात जाऊन राहायचे, वाचायचे, लिहायचे, ही रीतही होती.

म्हणजे हा माणूस एकांत राखत होता, आणि तो सत्कारणीही लावत होता. तरी गीतेचा प्रश्न त्या एकांतात मार्गी लागला नाही. टीका बाजूला ठेवून गीतेची स्वतंत्र पारायणे झाली होती, निष्कर्षही मनात तयार होता, टिपणे होती. नव्हते ते सलग बसणे.

माझे मत असे आहे : येरवडा आणि सिंहगड हे विसाव्याचे एकांत होते. नक्षत्रांचे गणित, वेदातले उषेचे वर्णन, ध्रुवाकडची लांबलचक रात्र, हे सगळे राजकारणापासून दूर नेणारे विषय. दमलेल्या मेंदूला त्यांनी आराम दिला. अशा विसाव्याची गरज मी नाकारत नाही. पण रोजच्या कामातून उगवलेला प्रश्न त्याने सुटत नाही. तो प्रश्न विसाव्यात नकोसा होतो, कारण त्याच्याकडे पाहिले की मंगळवार आठवतो. गडावरून पुणे दिसते. खाली उतरायचे आहे हे मनाला ठाऊक असते, आणि उतरायचे असते तेव्हा मन गड धरत नाही.

ज्यांनी चार दिवसांची रजा काढून ‘आता शांतपणे विचार करू’ असे ठरवले आहे आणि ते चार दिवस झोपण्यात आणि कादंबरी वाचण्यात गेले आहेत, त्यांना हे पटेल. त्यात त्यांचा दोष नाही. थकलेल्या माणसाची पहिली गरज झोप असते. विचाराची पाळी त्यानंतर येते आणि तोवर रजा संपते.

मंडाले

सप्टेंबर १९०८मध्ये टिळकांना साबरमतीच्या तुरुंगातून मंडालेला नेले. काळ्या पाण्याची शिक्षा साध्या कैदेत बदलली गेली. राहायला लाकडी इमारत. १९२५मध्ये सुभाषचंद्र बोस याच तुरुंगात होते. टिळकांच्या त्या जागेविषयी त्यांनी तिथून टिळकांचे सहकारी न. चिं. केळकर यांना पत्र लिहिले. भिंतींच्या जागी लाकडी गजांची रांग, त्यामुळे थंडी, ऊन, पाऊस, धूळ यांतले काहीच अडत नाही, असे त्यांनी लिहिले आहे. अशा जागी, आजारी शरीराने, जवळ बोलायला कोणी नसताना असा ग्रंथ झाला याचे त्यांना जे वाटले, ते ती जागा स्वतः भोगलेल्या माणसाचे वाटणे आहे. टिळकांच्या सोबतीला स्वयंपाकासाठी दिलेला एक मराठी कैदी तेवढा होता. मधुमेहामुळे गहू-तांदूळ सुटले आणि सातूच्या पिठावर दिवस काढले.

इथे एक गोष्ट सहसा नजरेतून सुटते. टिळक आले सप्टेंबर १९०८मध्ये आणि लिहायला बसले नोव्हेंबर १९१०मध्ये. मधली दोन वर्षे कुठे गेली? ती पुस्तके मागवण्यात गेली, पाली, जर्मन आणि फ्रेंच शिकण्यात गेली, मिल, स्पेन्सर, कांट, ग्रीन या पाश्चात्त्य तत्त्ववेत्त्यांच्या नीतिशास्त्राशी गीतेचे म्हणणे ताडून पाहण्यात गेली. शेकडो पुस्तके पुण्याहून मंडालेला पोचली. भाचे धोंडोपंत विद्वांस यांना लिहिलेल्या पत्रांत मुलांच्या शिक्षणाच्या, घराच्या आणि खटल्याच्या सूचनांच्या जोडीने पुस्तकांच्या याद्या असत. माझ्या समजुतीने त्या दोन वर्षांचा पहिला भाग फक्त वेग उतरण्यात गेला असणार. इतकी वर्षे मंगळवार पाळलेल्या माणसाच्या अंगातला मंगळवार काही महिन्यांत निघत नाही.

मग हिवाळा निवडला. मंडालेचा उन्हाळा डोके चालू देत नाही, म्हणून कार्तिक ते फाल्गुन. सुटे कागद मिळत नव्हते. बांधलेल्या वह्या, त्यांच्या पानांवर आकडे घातलेले, आणि शाईला मनाई असल्याने पेन्सिल. तुरुंगाने ही बंधने कैद्यावर नजर ठेवण्यासाठी घातली होती. पण लिहिणाऱ्याच्या बाजूने पाहा. आकडे घातलेल्या वहीतले पान फाडून टाकता येत नाही. म्हणजे वाक्य कागदावर येण्याआधी डोक्यात पूर्ण व्हावे लागते. येरझाऱ्या घालत सांगायची जुनी सवय इथे कामी आली असेल असे मला वाटते. फरक इतकाच, की लेखनिक नव्हता आणि मुदत नव्हती.

१४९ दिवसांत पंधरा प्रकरणांचा खर्डा उभा राहिला. मार्च १९११मध्ये घरी पाठवलेल्या पत्रात ग्रंथ पुरा होत आल्याची बातमी गेली.

याच तुरुंगात आणखी काय काय लिहायचे, याची एक यादीही टिळकांनी केली होती. शिवाजीचे चरित्र, हिंदू धर्माचा इतिहास, शंकराचार्यांचे तत्त्वज्ञान, खाल्डिया (प्राचीन मेसोपोटेमियातला प्रदेश) आणि भारत यांचा संबंध, गणितातले कॅल्क्युलस. विषय एकाहून एक सरस, लेखक त्या प्रत्येकाला पुरून उरणारा, आणि १९११नंतर हाताशी आणखी तीन वर्षे. वेदकाळ आणि वेदांग ज्योतिष यांवरचे काही लेखन झाले, ते मृत्यूनंतर छापून आले. यादीतले बाकीचे विषय ग्रंथरूपाला आले नाहीत.

या यादीपाशी मी पुष्कळ वेळ थांबलो आहे. ‘तुरुंगात वेळ मिळाला म्हणून गीतारहस्य झाले’ असे आपण सहज म्हणतो. वेळेनेच ग्रंथ होत असते तर शिवचरित्रही झाले असते. पुरा झाला तो एकच, ज्याचा प्रश्न लेखकाच्या रोजच्या कामाला वर्षानुवर्षे टोचत होता. बाकीचे विषय आवडीचे होते. हा विषय सुटका होऊ न देणारा होता.

ग्रंथाने काय उत्तर दिले

सगळा युक्तिवाद इथे मांडणार नाही, आपल्या प्रकरणापुरता घेतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात दोन निष्ठा सांगितल्या आहेत, ज्ञानाची आणि कर्माची. पाचव्या अध्यायाच्या दुसऱ्या श्लोकात दोन्ही मोक्ष देणाऱ्या असल्या तरी कर्मसंन्यासाहून कर्मयोग श्रेष्ठ, असा स्पष्ट निवाडा आहे. टिळक त्या श्लोकावर पाय रोवून उभे राहतात. ‘संन्यास व कर्मयोग’ हे अकरावे प्रकरण म्हणजे ग्रंथाचा कणा. ज्ञान झाल्यावरही कर्म सोडायचे नाही. स्वतःसाठी मिळवायचे काही उरले नसले तरी लोकसंग्रहासाठी, म्हणजे समाजाची घडी सांभाळून त्याला वाटेवर ठेवण्यासाठी, करत राहायचे. त्यांनी याला ज्ञानमूलक, भक्तिप्रधान कर्मयोग म्हटले.

समतोलाचा प्रश्न घेऊन आलेल्या वाचकाला यात एक अनपेक्षित गोष्ट सापडते. टिळक आयुष्याचे दोन वाटे करत नाहीत. इतके तास कर्माला, इतके ध्यानाला, असा तराजू ग्रंथात कुठेच नाही. सहाव्या अध्यायातले आसन, एकांत, चित्तनिरोध हे सगळे ते मानतात, पण साधन म्हणून. बुद्धी सम व्हावी यासाठी ते आहे. ‘समत्वं योग उच्यते’ यातले समत्व बुद्धीचे आहे, वेळापत्रकाचे नव्हे. आणि बुद्धी सम झाली की नाही याचा पुरावा एकांतात मिळत नाही. बाराव्या प्रकरणाचे नावच ‘सिद्धावस्था व व्यवहार’ असे आहे.

किंमत कोणी दिली

७ जून १९१२ला टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई पुण्यात वारल्या. त्यांनाही मधुमेह होता. तार मंडालेला गेली. संकटे शांतपणे सोसायची मला सवय आहे, पण या आघाताने मी हललो, असे टिळकांनी भाच्याला कळवले. अखेरच्या वेळी आपण जवळ नव्हतो, सक्तीने दूर होतो, याचे दुःख त्या पत्रात सगळ्यांत जड आहे. चौथ्या वहीचे शेवटचे पान भरल्याला तेव्हा सव्वा वर्ष झाले होते. समबुद्धीवर पंधरा प्रकरणे लिहिलेल्या माणसाने आपण हललो हे लपवले नाही, म्हणून ती प्रकरणे मला जास्त खरी वाटतात.

पण एवढ्यावर थांबणे मला बरोबर वाटत नाही. ती चार वर्षे पुण्याच्या गायकवाड वाड्यात घर कोणी चालवले? वाढती मुले कोणी सांभाळली, आजारपण कोणी काढले? पुस्तके बांधून कोणी पाठवली, खटल्याच्या तारखा कोणी पाळल्या? चिंतनाच्या प्रत्येक कहाणीत असे एक घर असते. एखाद्या माणसाला विचार करायला मोकळीक मिळते तेव्हा त्याच्या वाटचे काम दुसऱ्या कुणाच्या तरी खांद्यावर जाते. सत्यभामाबाईंच्या हातचे माझ्या माहितीप्रमाणे काही उरलेले नाही. त्या सहा वर्षांतली चार त्यांच्या वाट्याला आली आणि त्यांनी ती कशी काढली, हे त्यांच्या शब्दांत आपल्याला कधी कळणार नाही.

अटींवर लवकर सुटका मिळवता येईल का, असा विचार मित्रांनी टिळकांकडे मांडला होता. अटी पत्करून बाहेर येण्याला त्यांनी नकार दिला. राजकारण सोडून जगणे म्हणजे जिवंतपणी मरणे, अशी त्यांची भावना होती. कर्म सोडू नये असे वहीत लिहिणाऱ्याने कर्म सोडण्याच्या अटीवर घर पत्करले नाही. हा सुसंगतपणा मोठा आहे, आणि त्याचा भार घरावरही पडला. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मी त्यांतली कोणतीही खोडू इच्छित नाही.

एक आक्षेप, जो मला खरा वाटतो

माणूस कामातून प्रश्न घेऊन चिंतनाला बसतो, तेव्हा तो उत्तरही कामातूनच घेऊन बसलेला असण्याचा धोका असतो. आयुष्यभर लढलेल्या माणसाला गीतेत लढणेच सापडले, यात नवल ते काय? शांकर परंपरेतल्या पंडितांनी ग्रंथाची खंडने केली ती शास्त्राच्या अंगाने. हा आक्षेप त्याहून साधा आहे. १९२०च्या जानेवारीत गांधींबरोबर झालेल्या लेखी देवाणघेवाणीत तो उघडा पडला. क्रोधाला अक्रोधाने जिंकावे या बुद्धवचनापेक्षा, जे मला जसे भजतात तसे मी त्यांना भजतो हे कृष्णवचन आपल्याला व्यवहारात योग्य वाटते, असे टिळकांनी कळवले. राजकारण हा साधूंचा प्रांत नव्हे, ही त्यांची भूमिका होती. गांधींना ती मान्य नव्हती. दोघेही गीतेचे, दोघेही कर्माचे, आणि दोघांना गीता वेगळी दिसली.

१९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी याच गीतेवर दर रविवारी कैद्यांपुढे प्रवचने केली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. तिथे तिसरीच गीता दिसते, सूत कातणाऱ्या, शेतात राबणाऱ्या हाताची.

मग चिंतन म्हणजे केलेल्या कामाला मागाहून लावलेला शास्त्राचा आधार का? टिळकांच्या बाबतीत काही अंशी हो, असे मला मान्य करावे लागते. निष्कर्ष तुरुंगाआधी ठरलेला होता. पण ठरलेला निष्कर्ष चार पानांत लिहून मोकळे होण्याऐवजी त्यांनी त्याला सर्वांत कठीण प्रतिपक्षांपुढे उभे केले. शंकराचार्यांचे म्हणणे पूर्ण ताकदीनिशी मांडून मग उत्तर दिले. मिलचा सुखवाद, कांटचे कर्तव्य, सांख्यांची प्रकृती, प्रत्येकाला बसायला जागा दिली. चौथ्या प्रकरणापासून दहाव्यापर्यंत वाचक गीतेपेक्षा या मंडळींमध्येच जास्त वावरतो. मंगळवारच्या अग्रलेखात हे शक्य नव्हते. तिथे प्रतिपक्षाला दोन ओळीत निपटायचे असते. मला वाटते मंडालेने टिळकांचे मत बदलले नाही, त्या मताला विरोधकाशेजारी बसायला शिकवले.

परतीनंतर

१६ जून १९१४च्या मध्यरात्रीनंतर टिळक गायकवाड वाड्यात पोचले. वह्या सरकारकडे अडकल्या होत्या. त्या परत येतील का, या काळजीने भोवतालचे लोक अस्वस्थ होते. टिळकांचे उत्तर त्यांच्या चिरंजीवांनी नोंदवून ठेवले आहे : वह्या त्यांच्याकडे असल्या तरी ग्रंथ माझ्या डोक्यात आहे, सिंहगडावर बसून पुन्हा लिहून काढीन. ज्या सिंहगडावर हा ग्रंथ आधी होऊ शकला नव्हता, तिथेच तो आता होणार होता. हे बोलणे पोकळ नव्हते. कागदावर येण्याआधी डोक्यात पूर्ण झालेले वाक्य कोणी जप्त करू शकत नाही. वह्या परत मिळाल्या आणि १९१५च्या जूनमध्ये ग्रंथ बाहेर पडला. अर्पणाच्या श्लोकात ‘श्रीशाय जनतात्मने’ असे शब्द आहेत. प्रस्तावनेच्या सुरुवातीला तुकोबांची ओळ घेतली आहे, ‘संतांचीं उच्छिष्टें बोलतों उत्तरें’.

पुढची सहा वर्षे पुन्हा जुना वेग. एप्रिल १९१६मध्ये बेळगावला होमरूल लीग. २३ जुलै १९१६ला साठीनिमित्त लाख रुपयांची थैली आणि त्याच दिवशी चाळीस हजारांच्या जामीनाची नोटीस. थैली राष्ट्रकार्याला दिली, नोटिशीविरुद्ध हायकोर्टात दाद मागितली आणि नोव्हेंबरमध्ये ती रद्द झाली. डिसेंबरात लखनौला नऊ वर्षांपूर्वी तुटलेली काँग्रेस जोडली गेली. सुरतेत तडजोड न करणारा माणूस लखनौत मुस्लिम लीगशी करारही करून आला. हे मंडालेच्या वह्यांचे फळ, असे म्हणायचा मोह होतो. मी तसे म्हणणार नाही. १९१५मध्ये गोखले गेले, फिरोजशहा मेहता गेले, महायुद्ध चालू होते. राजकारणाला आपली कारणे असतात आणि ती एका पुस्तकाच्या खात्यावर मांडू नयेत.

मी स्वतः नोकरी करणारा माणूस आहे. मंडाले माझ्या वाट्याला येऊ नये अशीच माझी इच्छा आहे, आणि आली तर घरच्यांचे काय, हा प्रश्न वर लिहिलाच आहे. तरी या प्रकरणातून मी एक गोष्ट माझ्यासाठी उचलली. सुटीत काय करायचे याआधी मी आता हे विचारतो, की कामात मला वारंवार अडवणारा प्रश्न कोणता. तो सापडेपर्यंत दोन-तीन वर्षे गेली. सापडल्यावर एक बांधीव वही केली आणि पानांवर आकडे घातले. त्यात आठवड्याला एखादे पान होते, कधी तेही नाही. कामाच्या दिवसांत तो प्रश्न सोबत असतो, म्हणून बसमधला किंवा रांगेतला वेळही त्याच्याच कामी येतो. पान फाडायचे नाही, एवढा एक नियम मी पाळतो आणि त्याने माझ्या लिहिण्यातली घाई खरोखर कमी झाली आहे.

स्वराज्य मिळाल्यावर तुम्ही कोणते खाते घ्याल, असे टिळकांना विचारले गेले तेव्हा आपण गणिताचे प्राध्यापक होऊ आणि कॅल्क्युलसवर पुस्तक लिहू, असे त्यांनी सांगितल्याचे प्रसिद्ध आहे. मंडालेच्या यादीतला विषय अजून मनात होता. १ ऑगस्ट १९२०ला मुंबईत सरदारगृहात, बारा वर्षांपूर्वी जिथे अटक झाली होती त्याच वास्तूत, ते वारले. कॅल्क्युलसचे पुस्तक लिहायचे राहून गेले.